स्लायडरवरचा पाऊस

मराठी शाळेत शिकलेल्या कुठल्याही माणसाच्या हातात कागद द्यावा आणि म्हणावं, निसर्गचित्र काढ. तो दोन त्रिकोण काढील, त्यांच्या खाचेत अर्धा सूर्य बसवील, सूर्याच्या बरोबर खालून नदी काढून ती पुढे रुंद करत आणील, डाव्या हाताला कौलारू झोपडी, उजव्या हाताला नारळाचं झाड, आणि वर आकाशात चार-पाच बाकदार रेघा मारून त्यांना पक्षी म्हणेल. माणूस पुढे वकील झालेला असो की डॉक्टर, चित्र हेच. ज्या गावातून डोंगर दिसत नाही तिथली मुलंही हेच काढतात. ज्या गावातून रोज सह्याद्री दिसतो तिथलीही हेच काढतात, आणि याचं मला जास्त नवल वाटतं. सह्याद्रीत नीट त्रिकोणी डोंगर शोधायचा तर बरंच फिरावं लागतं.

हे सांगायचं कारण, हल्ली मी डोंगर करतो. संगणकावर.

आमचा भाचा पुण्यात व्हिडिओ गेम बनवणाऱ्या कंपनीत आहे. जमीन तयार करणं हे त्याचं काम. त्याच्या लग्नाच्या बोलणीत त्याने हे असंच सांगितलं तेव्हा मुलीकडच्या एका काकांनी "एनए आहे का?" असं विचारलं होतं. खेळात जे डोंगर, दऱ्या, किनारे दिसतात ते कुणीतरी आधी रचावे लागतात, तो कुणीतरी म्हणजे आपला जावई, हे त्यांना पटायला वेळ लागला. तर हा भाचा एकदा म्हणाला, "मामा, तुम्ही दिवसभर बातम्या बघून वैतागता, त्यापेक्षा हे बघा." आणि माझ्या संगणकावर दोन प्रोग्राम बसवून गेला. एकाचं नाव वर्ल्ड मशीन. त्यात जमीन घडवायची. दुसरं टेराजेन; त्यात त्या जमिनीवर आकाश, ऊन, धुकं आणि पाणी घालून चित्र काढायचं. हौशी माणसाला दोन्ही फुकट मिळतात. अख्खं जग निर्माण करण्याचा परवाना इतक्या स्वस्तात दुसऱ्या कुठल्या खात्यात मिळत नाही.

समोर कोरी पृथ्वी. हवं ते करा, हरकत घ्यायला कुणी नाही, पर्यावरणाचा दाखला नको. कल्पनेला इतकं मोकळं सोडल्यावर ती कुठे जाईल? माझी थेट स्वित्झर्लंडला गेली. बर्फाची टोकदार शिखरं, पायथ्याशी निळं तळं, काठाला सूचिपर्णी झाडं. चित्र तयार झाल्यावर हे आपण कुठेतरी पाहिलंय असं वाटायला लागलं, आणि मग लक्षात आलं की सलूनमध्ये, दातांच्या डॉक्टरकडे आणि तालुक्याच्या लॉजमध्ये काउंटरच्या मागे भिंतभर चिकटवलेलं असतं ते हेच. आपल्या पिढीच्या स्वप्नांचं लोकेशन हिंदी सिनेमावाल्या यश चोप्रांनी आधीच ठरवून ठेवलं होतं. तिथल्या इंटरलाकेन गावाने त्यांचा पुतळा उभारला तो उगाच नाही.

यात मी एकटा नाही, हा दिलासा. काल्पनिक भूगोलाचे आद्य पुरुष म्हणजे टॉल्किन. 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज'चं जग त्यांनी नकाशासकट रचलं. हेही १९११ साली, एकोणिसाव्या वर्षी, स्वित्झर्लंडमध्ये पाठीवर सामान टाकून हिंडले होते. एल्फ लोकांचं रिव्हेंडेल आणि इंटरलाकेनजवळचं लाउटरब्रुनेनचं खोरं यांतलं साम्य त्यांच्या स्वतःच्या चित्रांतही दिसतं. म्हणजे टॉल्किन, यश चोप्रा आणि मी, तिघेही एकाच स्टेशनवर उतरलो. टॉल्किनच्या नकाशातल्या मॉर्डॉर या प्रदेशाला मात्र डोंगरांनी तीन बाजूंनी अगदी काटकोनात कुंपण घातलं आहे, आणि भूगर्भशास्त्र शिकलेले वाचक त्यावरून अजून खिदळतात. मला त्या काटकोनाबद्दल आदर आहे. शाळेच्या चित्रातल्या त्रिकोणांइतकाच तो प्रामाणिक आहे.

संगणकातले डोंगर खरेखुरे वाटू लागले त्यात विमानांचा हात आहे. लॉरेन कार्पेंटर हे गृहस्थ सिअ‍ॅटलला बोइंग कंपनीत नोकरीला होते. कंपनीला तिच्या न बनलेल्या विमानांची चित्रं हवी असत, आणि विमान रिकाम्या आकाशात बरं दिसत नाही. मागे डोंगर पाहिजे. आकाश स्वच्छ असेल तर सिअ‍ॅटलहून माउंट रेनियर दिसतो, पण तो संगणकात कसा घालायचा? एकेक सुळका हाताने मोजून भरायचा तर विमानं जुनी होऊन जातील. तेवढ्यात कार्पेंटरच्या हाती बेनुआ मँडेलब्रॉटचं फ्रॅक्टलवरचं पुस्तक लागलं. निसर्गातले खडबडीत आकार दुरून पाहा नाहीतर जवळून, त्यांचा खडबडीतपणा साधारण तसाच राहतो, असं मँडेलब्रॉटचं म्हणणं. डोंगराचा एक दगड उचलला तर तोही डोंगरच दिसतो. कार्पेंटरने यातून काढलेली युक्ती आजही ऐकताना गंमत वाटते. एक त्रिकोण घ्या. त्याच्या तिन्ही बाजूंचे मध्यबिंदू नशीब ठरवील तितके वर किंवा खाली सरकवा. आता चार छोटे त्रिकोण झाले. प्रत्येकाला पुन्हा तेच, फक्त सरकवणं आधीपेक्षा कमी. असं करत राहा. थोड्याच फेऱ्यांत त्रिकोण दिसेनासे होतात आणि समोर डोंगर उभा असतो.

म्हणजे आपली शाळेतली पद्धत बरोबरच होती. आपण पहिल्या त्रिकोणावर थांबलो, एवढंच.

या युक्तीवर कार्पेंटरने दोन मिनिटांची फिल्म केली, 'व्हॉल लिब्र'. एकेक चित्र काढायला तेव्हाच्या यंत्राला अर्धा-अर्धा तास लागे, आणि दोन मिनिटांत चित्रं हजारोंनी लागतात. १९८० साली संगणक-चित्रांच्या मोठ्या परिषदेत, सिअ‍ॅटललाच, ती दाखवली. सभागृहातल्या जाणकारांनी डोंगरावरून उडत जाणारा कॅमेरा पाहिला आणि टाळ्यांचा कडकडाट केला. लुकासफिल्म या चित्रपट कंपनीच्या माणसांनी नोकरी देऊ केली. दोन वर्षांनी 'स्टार ट्रेक'च्या दुसऱ्या चित्रपटात एक मेलेला ग्रह बघता बघता डोंगर-समुद्रांनी भरून जातो, ते डोंगर याच पद्धतीचे. पुढे पिक्सार उभी करणाऱ्यांत हे गृहस्थ होते. बोइंगला तिच्या विमानांमागे डोंगर हवे होते. डोंगरच विमान करून माणूस उडून गेला.

साधारण त्याच काळात केन पर्लिन नावाचे दुसरे गृहस्थ 'ट्रॉन' चित्रपटाचं काम करून चिडले होते. संगणकाची चित्रं फार गुळगुळीत, फार कारखान्यातली दिसतात, ही त्यांची तक्रार. त्यांनी गणिताने एक प्रकारची शिस्तशीर गडबड तयार केली: कुठेच उडी न मारणारी, पण पुढे काय येईल याचा पत्ताही न लागू देणारी. तिला 'पर्लिन नॉइज' म्हणतात. मोठ्या लाटांवर मध्यम लाटा, मध्यमांवर बारीक, असे थर रचले की टेकड्या तयार. १९८५ साली त्यांनी ती छापून जाहीर केली आणि १९९७ साली त्यांना यासाठी ऑस्कर अकादमीचा तांत्रिक पुरस्कार मिळाला. पद्धतशीर गोंधळ घालून ऑस्कर मिळवणारा माणूस आपल्याकडे कसा झाला नाही, हे कोडंच आहे. कच्चा माल तर मुबलक.

मग १९९४ मध्ये 'ब्राइस' नावाचा डोंगर रचायचा प्रोग्राम आला, युटा राज्यातल्या लाल सुळक्यांच्या कॅन्यनचं नाव लावून, आणि हे सगळं घराघरांतल्या मॅकिंटॉशवर पोचलं. त्या काळातली चित्रं पाहिली तर जांभळं आकाश, दोन चंद्र आणि समुद्रावर तरंगणारा एक चकचकीत स्टीलचा गोळा असतोच. गोळा का, ते कुणी सांगत नाही. माझ्या मते त्यांचा नारळ तो.

असो. माझ्या डोंगरांकडे येतो. जग तयार करताना प्रोग्राम एक आकडा मागतो. त्याला 'सीड' म्हणतात. कुठलाही आकडा चालतो. त्या आकड्यातून सगळी गडबड उगवते, आणि तोच आकडा पुन्हा दिला की तंतोतंत तेच जग पुन्हा मिळतं, दगडाला दगड. माइनक्राफ्ट खेळणारी मुलं आपापसांत हे आकडे वाटतात. अमुक आकडा टाक, उतरल्याउतरल्या समोर गाव आहे. २०१६ साली 'नो मॅन्स स्काय' नावाचा खेळ आला, त्यात १८ च्या पुढे अठरा शून्यं मांडावीत इतके ग्रह असल्याची जाहिरात होती. ते कुणी बनवून ठेवलेले नव्हते. तुम्ही पोचाल तेव्हा आकड्यातून उगवणार. आधी जाहिरात, मग लोकवस्ती, मग ग्रह. आमच्या शहराबाहेरच्या टाउनशिप याच पद्धतीने होतात.

आकडा कुठला टाकायचा म्हटल्यावर माणूस जन्मतारीख टाकतो. बायकोची टाकली तर सुंदर द्वीपसमूह आला. माझी टाकली तर दलदल. जन्मतारखेवरून भविष्य सांगणारे पुष्कळ आहेत. भूगोल सांगणारं मी हे पहिलंच पाहिलं. "बघा," एवढंच बायको म्हणाली. भाच्याची, व्याह्यांची, शेजाऱ्यांची अशा तारखा टाकून पाहिल्या. घरमालकाच्या तारखेला ओसाड माळ निघाला आणि आम्हा दोघांनाही शास्त्रात काहीतरी तथ्य आहे असं वाटलं.

पण आकड्यातून आलेला हा कच्चा प्रदेश जरा वेळ पाहत राहिलं की खटकायला लागतो. काय खटकतं ते पटकन सांगता येत नाही. माझं उत्तर लोणारने दिलं. बुलढाणा जिल्ह्यात उल्केने बेसॉल्टमध्ये पाडलेला तो जवळजवळ दोन किलोमीटर रुंदीचा खड्डा. त्यात पाणी येतं, बाहेर जायला वाट नाही, म्हणून तळं खारं. असा खड्डा क्वचित, म्हणूनच आपण गाडी करून तो पाहायला जातो. माझ्या कच्च्या प्रदेशात बघावं तिकडे लोणार होते. शेकडो. प्रत्येक दरी म्हणजे एक बंद खोली. एकाही नदीला समुद्र मिळेना. गणिताला वर आणि खाली हा फरकच ठाऊक नसतो. हा प्रदेश उलटा टांगला तरी तो तसाच दिसतो. दऱ्यांची शिखरं होतात, शिखरांच्या दऱ्या होतात, आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ही खोड मँडेलब्रॉटला स्वतःलाच दिसली होती. सह्याद्री उलटा करून पाहा बरं! लगेच कळेल. खरी जमीन उलटी करता येत नाही, कारण तिच्यावरून पाणी वाहून गेलेलं असतं, आणि पाण्याला वर-खाली हा भेद फार काटेकोर कळतो. ओहोळ ओहोळाला मिळतो, ओढा ओढ्याला, नदी नदीला. उलट कधी होत नाही.

मँडेलब्रॉटचेच विद्यार्थी केन मसग्रेव्ह यांनी १९८९ साली दोन सहकाऱ्यांबरोबर संगणकातल्या डोंगरांवर पाऊस पाडायची रीत मांडली. आज ती अशा बहुतेक प्रोग्राममध्ये कुठल्या ना कुठल्या रूपात असते. एक थेंब कुठेही टाका. तो सगळ्यात जास्त उताराकडे निघतो. वेग आला की माती उचलतो, वेग मंदावला की टाकतो, आणि शेवटी सुकून जातो. मग दुसरा थेंब. असे लाखो. शिवाय एक वेगळा हिशेब दरडींचा: उतार ठराविक कोनापेक्षा उभा झाला की वरचा मुरूम खाली घसरून पायथ्याशी जमा होतो. दोन्ही मिळून काम करू लागले की माझ्या बंद लोणारांच्या कडा कुठे ना कुठे फुटतात, पाणी बाहेर पडतं, घळी तयार होतात, घळींच्या सोंडा होतात, आणि सपाटीवर गाळ पसरतो.

हे सगळं एका स्लायडरवर. पाऊस कमी, पाऊस जास्त. मी पहिल्यांदा तो उजवीकडे सरकवला तेव्हा मनातल्या मनात हवामान खात्याला नमस्कार केला. वेधशाळेने अंदाज सांगायचा आणि मी पाऊस पाडायचा, इतकी सोपी कामाची वाटणी. मात्र मनुष्यस्वभाव असा, की मोफत पाऊस कुणालाच आवरत नाही. पुरे वाटतं तिथून थोडा पुढे सरकवतो, मग अजून थोडा, आणि सगळा डोंगर सुकवलेल्या आवळ्यासारखा सुरकुततो. नवशिक्याचं काम यावरून ओळखू येतं, असं भाचा म्हणाला. खरी जमीन एकाच गोष्टीने घडलेली नसते. काही जागी पाऊस झोडपतो आणि काही जागी तो मुळी पोचतच नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तिथून पूर्वेला फलटणपर्यंत जाईस्तोवर तो दहाव्या हिश्श्यावर येतो. माझ्या प्रदेशात पाऊस डोंगराच्या दोन्ही अंगांना बरोबरीने पडत होता. असला साम्यवादी पाऊस कुठेच नसतो. पर्जन्यछायेचा प्रदेश मला हाताने रंगवून बसवावा लागला. दुष्काळ मुद्दाम तयार करताना हात जरा अडखळतो. पण त्याशिवाय प्रदेश खरा वाटेना, आणि मी स्वतःला सांगितलं की इथे मतदार नाहीत.

या कामात शिखर उभं करायला क्षण पुरतो आणि त्याला झिजवायला रात्र जाते. संगणकाचा पंखा घरघरत असतो, आणि बायको विचारते, "अजून काय चाललंय त्याचं?" पाऊस पडतोय, असं मी सांगतो. उन्हाळ्याच्या ऐन दुपारी हे उत्तर द्यायला बरं वाटतं.

एवढी तयारी झाल्यावर स्वित्झर्लंडचा कंटाळा आला आणि वाटलं, आपला डोंगर करून पाहू. अस्सल नव्हे, काल्पनिकच, पण आपल्या जातकुळीचा. इथे खरी मजा सुरू झाली. या प्रोग्रामांच्या नमुन्याच्या पेटीत बर्फाळ शिखरं असतात, वाळवंटातल्या टेकड्या असतात, ज्वालामुखीचे शंकू असतात. सह्याद्री नसतो. कारण सह्याद्री मुळात डोंगर म्हणून उभा राहिलेलाच नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हा थरावर थर पसरत गेला, त्याचं पठार झालं, आणि मग पाण्याने ते कोरून काढलं. कठीण काळ्या पाषाणाचा थर आला की उभा कडा, मध्ये मऊ, सच्छिद्र थर आला की गवताळ उतार, पुन्हा कडा, पुन्हा उतार. साल्हेर घ्या, हरिश्चंद्रगड घ्या; लांबून पाहिलं तर ओळीने आडव्या रेघा. ट्रेकवाली मंडळी 'पहिला टप्पा, दुसरा टप्पा' म्हणतात ते नुसतं मन रमवायला नव्हे. डोंगर खरोखरच टप्प्याटप्प्यांचा आहे.

प्रोग्राममध्ये 'टेरेस' नावाचं एक हत्यार असतं. ते वापरून मी जमिनीला पायऱ्या पाडल्या, त्यावर पाऊस सोडला, पश्चिमेकडे एकदम तुटलेला कडा आणि पूर्वेकडे सावकाश उतरत जाणारं पठार केलं, माथ्यावर एक सपाट माची ठेवली, आणि अभिमानाने भाच्याला चित्र पाठवलं. त्याचं उत्तर आलं: "मामा, फाइल आठ बिटमध्ये सेव्ह झालीय. सोळा बिट करा."

याचा अर्थ कळायला मला बराच वेळ द्यावा लागला. संगणकातली जमीन म्हणजे एक करडं चित्र असतं. पांढरा ठिपका उंच, काळा सखल, मधल्या करड्या छटा मधल्या उंचीच्या. आठ बिटांच्या चित्रात अशा छटा अवघ्या २५६ मिळतात. कळसूबाई १६४६ मीटर. तिला २५६ छटांत बसवलं तर एकेक पायरी सुमारे साडेसहा मीटरची होते आणि गुळगुळीत डोंगर पायऱ्यापायऱ्यांचा दिसायला लागतो. सोळा बिट घेतले तर छटा ६५,५३६, पायरी जेमतेम अडीच सेंटिमीटर, म्हणजे दिसतच नाही. या धंद्यात पायऱ्या दिसल्या की फाइल चुकली, हा पहिला धडा. आणि माझी फाइल सोळा बिटांचीच होती.

म्हणजे गंमत बघा. जगभरच्या जाणकारांना जो बिघाड म्हणून शिकवतात, तो आमच्याकडे सह्याद्री म्हणून उभा आहे. शिवाय कळसूबाईच्या अशा पायऱ्यांवर आम्ही लोखंडी शिड्या लावल्या आहेत. मी भाच्याला फोन करून सांगितलं. तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मामा, मी नगरचा आहे, मला कळायला पाहिजे होतं." मला मात्र त्याचं चुकलं असं वाटत नाही. शाळेत त्यानेही दोन त्रिकोणच काढले असणार.

पुढची अडचण कोकणकड्याने आणली. हरिश्चंद्रगडाचा हा कडा नुसता उभा नाही. तो आत वळलेला आहे, वरची कड पुढे आणि पोट मागे. मला तसाच एक हवा होता. पण करड्या चित्राचा नियम असा, की एका ठिपक्याला एकच छटा, म्हणजे एका जागेला एकच उंची. पुढे झुकलेल्या कड्याखाली उभं राहिलं तर त्याच जागी पायाखाली एक जमीन असते आणि डोक्यावर दुसरी. हे करड्या चित्राला सांगता येत नाही. त्यामुळे कोकणकडा नाही. राजगडावरचं नेढं नाही. डोंगराला आरपार भोक म्हणजे नियमभंगच. गुहा नाहीत, लेणी नाहीत, पाण्याची खांबटाकी नाहीत. वेरूळचं कैलास लेणं मात्र अर्धंमुर्धं जमेल, कारण ते वरून खाली कोरत आणलंय आणि त्याच्या अंगणावर आकाश उघडं आहे. त्या कारागिरांचं आणि या प्रोग्रामचं तेवढ्यापुरतं पटलं असतं. आतल्या सभामंडपापाशी भांडण झालं असतं.

मग खरा सह्याद्रीच का घेऊ नये, असं भाच्याने सुचवलं. तो मिळतो. फेब्रुवारी २००० मध्ये 'एंडेव्हर' हे अंतराळयान साठ मीटर लांबीचा दांडा बाहेर काढून, त्याच्या टोकाला दुसरा अँटेना लावून, अकरा दिवस पृथ्वीभोवती फिरलं आणि रडारने जगातल्या बहुतेक जमिनीची उंची मोजून आलं. ती आकडेवारी आता कुणालाही घरबसल्या उतरवून घेता येते. मी आमच्या गावाचा तुकडा उतरवला. गावामागची टेकडी, जिच्यावर धापा टाकत चढलो होतो, ती तिथे एका फिकट डागाइतकी होती. त्यात एक ठिपका म्हणजे तीस मीटर. त्या मापाने पठारं छान येतात, नद्या येतात, पण लिंगाण्यासारखा सुळका बोथट होऊन जातो, आणि मारुतीचं देऊळ, तालीम, आमचा वाडा आणि भाऊबंदकीतलं ते सगळं वादग्रस्त परडं, हे सारं एका ठिपक्याच्या आत मिटतं. चुलत्यांना हे दाखवायला हवं होतं.

मी काल्पनिकाकडे परत आलो. माझा प्रदेश आता बरा जमला होता: कडे, पठार, एक बारमाही नदी, पलीकडे सखल पट्टी आणि समुद्र. दूरचे डोंगर निळसर करणारं धुकं घातलं, कारण ते नसेल तर वीस किलोमीटरवरचा कडासुद्धा टेबलावर मांडलेला वाटतो. बायकोने चित्र पाहिलं. म्हणाली, "छान आहे. पण वर जायचं कसं?"

प्रश्न रास्त होता. आपल्याकडे डोंगर म्हणजे त्यावर देव आणि देवापर्यंत वाट. कळसूबाईच्या माथ्यावरही देऊळ आहे. भाच्याने रस्ता शोधणारा एक छोटा प्रोग्राम दिला. याचं मूळ गणित एड्सगर डाइक्स्ट्रा या डच शास्त्रज्ञाने १९५९ साली प्रसिद्ध केलं: इथून तिथे जायच्या सगळ्या शक्यतांतून कमीत कमी त्रासाची वाट कशी निवडायची. चढाला जास्त त्रास धरायचा, सपाटीला कमी, आणि सोडून द्यायचं. वाट पठाराखालून निघाली, सोंडेवर आली, वळली, परत वळली, एका खिंडीची तिने बरोबर नोंद घेतली आणि वर गेली. मला बोरघाटातला शिंगरोबा आठवला. या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली अशी कथा तिकडे सांगतात. त्याचं देऊळ आहे आणि येणारे-जाणारे ड्रायव्हर गाडीतूनच नाणं टाकतात. १८६३ साली घाटातून रेल्वे सुरू झाली ती सदतिसास एक अशा चढाने. डाइक्स्ट्राचं गणित शेळ्यांच्या पायांत आधीपासून होतं, एवढंच यातून दिसतं.

रस्त्याची बातमी मात्र शेजारी पोचली. आमचे शेजारी बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. डोंगर, धुकं, फ्रॅक्टल यांत त्यांना रस नव्हता. रस्ता म्हटल्यावर ते चष्मा घेऊन आले. "चढ किती ठेवलाय?" म्हणाले. मी माहीत नाही म्हटलं. "विसास एक ठेवा. त्यापेक्षा जास्त नको, एसटी चढायची नाही." विसास एक ठेवला. रस्ता दुपटीने लांबला, वळणं वाढली, आणि कबूल करतो, दिसायलाही घाट जास्त खरा दिसू लागला. रोज संध्याकाळी ते येतात. चहा घेतात. वळणं रुंद करायला लावतात. मी त्यांना भाच्याच्या कंपनीच्या जाहिरातीतले ड्रॅगन दाखवले, तेही त्यांनी वजनाच्या दृष्टीने पाहिले.

परवा त्यांनी विचारलं, "मोऱ्या कुठे आहेत?"

"कसल्या मोऱ्या?"

"अहो, रस्ता एवढे ओढे ओलांडून जातोय, पाणी कुठून जाणार? पहिल्या पावसात सगळं वाहून जाईल."

मी म्हटलं, बघू या. स्लायडर सरकवला. लाखो थेंब सुटले. पहिल्याच ओढ्याशी रस्ता तुटला, दुसऱ्याशी तुटला, तिसऱ्या वळणावर तर अर्धा घाट दरीत गेला. शेजाऱ्यांचा चेहरा इतका उजळलेला मी त्यांच्या नातवाच्या बारशालाही पाहिला नव्हता. "म्हटलं नव्हतं?" ते म्हणाले. "घाला आता मोऱ्या. नव्वद सेंटिमीटरचे पाइप."

मी त्यांना समजावलं की ते शक्य नाही. मोरी म्हणजे वर रस्ता आणि खाली पाणी, एकाच जागी दोन उंच्या. इथे एका जागेला एकच उंची असते.

"हा नियम कुणी काढला?" त्यांनी विचारलं. कुठल्या मॅन्युअलात आहे, कुठल्या साली काढला, हेही विचारलं. मग चहा संपेपर्यंत ते पडद्याकडे पाहत बसले, आणि उठता उठता म्हणाले, "मग फरशी पूल करा. पाणी वरून जाऊ द्या. दोन उंच्यांचा प्रश्नच नाही."

मी करून पाहिलं. ओढ्याच्या पात्राइतकाच सखल रस्ता, वरून पाणी. नियमात बसलं, दिसायलाही बरं दिसलं, आणि पाऊस सोडला तरी टिकलं. आता माझ्या कल्पनेच्या प्रदेशात चार फरशी पूल आहेत, पावसाळ्यात माथ्यावरच्या देवळाचा संपर्क तुटतो, आणि पुलावरून पाणी वाहत असताना वाहने नेऊ नयेत, ही पाटी कुठे लावायची यावर शेजाऱ्यांचं आणि माझं अजून एकमत झालेलं नाही.